समुद्र वर येतोय, किनाऱ्याचं लँडस्केप करताना या चुका टाळा

किनाऱ्यावरच्या वस्तीसाठी डिझाइन करायचं म्हटलं की बहुतेक टीम ओहोटीच्या वेळी साइटवर जाते, फोटो काढते, ड्रोन उडवते आणि परत येऊन प्लॅनवर एक जाड रेघ मारते, रेघेच्या अलीकडे जमीन, पलीकडे समुद्र. पहिली चूक इथेच होते. पाणी रोज वर-खाली होतं, पंधरवड्यात उधाण (सगळ्यात मोठी भरती) येतं मग भांग (सगळ्यात लहान भरती) येतो, आणि या सगळ्याच्या खालची पातळीच वर चाललीय. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी साधारण २० सेंटीमीटर वाढली, २००६ नंतर तर वर्षाला जवळपास ३.७ मिलिमीटरने. म्हणजे रेघ नको, पट्टा काढा, आणि आजचा पट्टा अजून तीस-चाळीस वर्षांनी कुठे असेल तेही त्याच कागदावर दाखवा.

आता खारफुटी. इथे जरा थांबूया, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि लोकांची मेहनत इथेच वाया जाते आणि ते बघून खरंच जीव तुटतो. काय होतं की वरची जागा कुणाची तरी असते, तिथे वाद असतात, मग रोपं लावतात खालच्या मोकळ्या चिखलात. तिथे ती दिवसातला फार वेळ बुडून राहतात, मुळांना हवा मिळत नाही, खोडाला बार्नकल (कठीण कवचाचे छोटे समुद्री जीव) चिकटतात आणि एखाद्या वादळी आठवड्यात अख्खी रांग आडवी. फिलिपिन्समध्ये अशा लागवडीतली बरीचशी रोपं टिकली नाहीत. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर लावलेल्या २३ जागा नंतर तपासल्या तेव्हा ९ ठिकाणी एकही झाड शिल्लक नव्हतं.

खारफुटी साधारणपणे सरासरी समुद्रपातळीपासून उधाणाच्या भरतीच्या खुणेपर्यंतच्या पट्ट्यात रुजते, त्याच्या खाली नाही. आणि ही लेव्हल काढायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. चिखलात एक बांबू घट्ट रोवा, त्याला चुना फासा, भरती उतरली की चुना कुठवर धुतला गेलाय ते बघा आणि खूण करा, असं निदान उधाण ते उधाण पूर्ण पंधरवडा करा. मग जवळ जुनं कांदळवन असेल तर त्याची समुद्राकडची शेवटची झाडं कुठल्या उंचीवर आहेत ते मिस्त्री वापरतात त्या पाण्याच्या नळीने जुळवून घ्या. लेव्हल बरोबर आहे आणि तरी आपोआप रोपं येत नाहीत? मग आधी रोपं विकत आणू नका, पाणी कुठे अडलंय ते शोधा. बऱ्याचदा जुना बांध किंवा अरुंद मोरी आडवी असते, तिथे वाट मोकळी केली की बिया पाण्यावर तरंगत स्वतःच येतात.

भिंतीबद्दल थोडक्यात. उभी काँक्रीटची भिंत लाटेचा जोर परत फेकते, पायथ्याची वाळू उपसली जाते आणि भिंत जिथे संपते तिथे शेजाऱ्याचा किनारा खचायला लागतो. शिवाय मागे भिंत असली की चिखलपट्टी आणि कांदळवनाला वर सरकायला जागाच उरत नाही, पाणी वाढलं की ते जागच्या जागी बुडतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मेडमेरीला २०१३ मध्ये समुद्रालगतचा जुना बांध मुद्दाम फोडला, त्याआधी आत जमिनीकडे सुमारे ७ किलोमीटरचा नवा बांध घातला, आणि मधली जमीन भरतीला दिली. प्रत्येकाला हे जमणार नाही मान्य आहे, पण निदान मागची जागा बांधकामाने भरून टाकू नका. भिंत आधीच आहे आणि तिच्यामागची फरशी खचतेय? तर बहुतेक वेळा भिंतीमागे फिल्टरचं कापड नसतं किंवा फाटलेलं असतं, प्रत्येक ओहोटीला बारीक माती फटीतून बाहेर जाते. वरून भराव टाकत राहिलात तर दर वर्षी तेच काम.

वाळूच्या टेकड्या सपाट करून लॉन करणं, किंवा टेकडीतून समुद्राकडे नाकासमोर सरळ वाट काढणं हे तर करूच नका, वादळात पाणी त्याच वाटेने घरात येतं. वाट वळणाची ठेवा, शक्यतो खांबांवर उचललेली. वाळू धरायला उष्ण किनाऱ्यांवर मर्यादवेल फार छान. सुरूची झाडं पटकन वाढतात म्हणून सगळे लावतात पण मुळं उथळ असतात, जोराच्या वाऱ्यात उन्मळतात आणि खाली दुसरं काही उगवूही देत नाहीत.

शेवटची तक्रार हमखास येते, पाऊस नाही वादळ नाही आणि रस्त्यावर पाणी. पाणी खारट आहे का ते चाखून बघू नका, गटाराचं असू शकतं, फक्त वेळ लिहून ठेवा. भरतीच्या वेळेशी जुळतंय का बघा. जुळत असेल तर ओहोटीला नाल्याच्या तोंडाशी जा आणि पाणी फक्त बाहेर सोडणारी झडप हाताने हलवून बघा. पिशवी, काठी किंवा बिजागरीवर वाढलेले शिंपले, एवढ्यानेही ती बोटभर उघडी राहते आणि समुद्र पाइपातून उलटा आत येतो. झडप नीट बसतेय तरी पाणी येतंय तर ते जमिनीखालून येतंय. मायामीत खाली सच्छिद्र चुनखडी असल्याने हेच होतं, तिथे भिंत कितीही उंच केली तरी पाणी खालून वर येतं. अशा ठिकाणी सगळ्यात सखल कोपरा तळ्याला सोडा, बाकीची जमीन उचला आणि पार्किंग त्या कोपऱ्यातून आजच हलवा.