जुन्या मराठी फाइली जपताना

ठाण्यात घरून काम करणारे अनेक मांडणीकार आणि मुखपृष्ठकार आपले काम हार्ड डिस्कवर टाकून निर्धास्त होतात; परंतु डिस्क सुस्थितीत असूनही काम हातचे जाऊ शकते आणि मराठीत हा धोका अधिक आहे. मी २००४ साली मांडलेला एक दिवाळी अंक अलीकडे उघडला, तेव्हा फाइल शाबूत होती, पण जुना फाँट नव्या संगणकात नसल्यामुळे संपादकीयाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची सरमिसळ दिसत होती. युनिकोड (सर्व लिपींतील अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी संगणकीय प्रणाली) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असत, त्यामुळे फाँटविना मजकूर वाचताच येत नाही.

म्हणून आरंभ येथूनच करावा. ज्या संगणकावर फाइल अजून नीट दिसते, त्यावरच तिची पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतनासाठीचा पीडीएफचा प्रकार) प्रत काढावी, म्हणजे फाँट फाइलीतच अंतर्भूत राहतो. त्यानंतर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि मुद्रितशोधन टाळू नये. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाई, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचाही असाच घोळ होतो. ‘निर्मिती’ हा एक शब्द जरी पाहिला, तरी रूपांतर कितपत विश्वासार्ह आहे ते कळते. पेजमेकर या मांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली आजच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाहीत. तरीही मूळ फाइल पुसू नये. चित्रे टिफ या फाइल-प्रकारात ठेवावीत.

प्रती किमान तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक गावाबाहेर असावी. घर नौपाड्यात आणि स्टुडिओ जवळच्याच राम मारुती रोडवर असेल, तर २६ जुलै २००५ सारख्या पावसात दोन्हीकडच्या प्रती एकदमच पाण्यात जातील. एक डिस्क पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांकडे ठेवणे बरे. येथील दमट हवेत डिस्क सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी. एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) दीर्घकाळ विजेविना पडून राहिल्यास तिच्यातील माहिती नष्ट होऊ शकते, त्यामुळे खंडेनवमीला संगणकाची पूजा करतो त्याच दिवशी सर्व डिस्क जोडून काही फाइली उघडून पाहाव्यात.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क वारसांकडे राहतो. म्हणून कोणत्या डिस्कवर काय आहे आणि पासवर्ड कोठे लिहिला आहे, याची हस्तलिखित यादी घरातील एका तरी व्यक्तीच्या हाती द्यावी.