पुण्याच्या डॉक्टरांना बावड्यातून दाखवताना

माझी लेक नऊ वर्षांची, तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे, म्हणजे फुप्फुसात आणि पोटात चिकट स्राव साठणारा जन्मजात आजार. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातून पुणं सुमारे २३० किलोमीटर. शिवाय बाहेर बाकावर याच आजाराचं दुसरं मूल खोकत असलं, तर एकमेकांचे जंतू लागायची भीती. म्हणून दर तीन महिन्यांच्या तपासणीतली एक आड एक आम्ही व्हिडिओवर करतो. पण स्टेथोस्कोप मोबाईलमधून येत नाही. डॉक्टरांना जे कळणार नाही, ते वहीत हवं.

वजन सकाळी, पोट साफ झाल्यावर, नेहमीच्याच काट्यावर. झोपेतला श्वास घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा. घरी स्पायरोमीटर, म्हणजे फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायचं यंत्र, असेल तर पाठ ताठ ठेवून तीनदा जोरात फुंकायला लावा आणि सर्वात चांगला आकडा लिहा. एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर फुंकलेली हवा, नेहमीपेक्षा १० टक्के घसरला, तर तारखेची वाट न बघता फोन करा. शी तेलकट, उग्र वासाची होते का, तेही लाज न धरता लिहा. अन्न पचायला जेवणासोबत घ्यायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल कमी पडत असल्याची ती खूण असते. भाकरी-भाजीला किती कॅप्सूल, रविवारी मटणाला किती, हे डॉक्टर हमखास विचारतात.

कल्चरला, म्हणजे बेडक्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायला, दिवस लागतात, म्हणून बेडका आठवडाभर आधी द्या. मी पहिल्यांदा चिठ्ठीवर नुसतं 'कल्चर' लिहून दिलं. रिपोर्टवर काहीच आलं नाही, डॉक्टरांनी पुन्हा द्यायला लावलं आणि दोन आठवडे वाया गेले. आजाराचं नाव आणि 'स्यूडोमोनास, बर्कहोल्डेरिया बघावे' असं डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. हे या आजारात फुप्फुसात सापडणारे जंतू, ते शोधायला लॅबला वेगळी तयारी करावी लागते. लहान मुलं बेडका गिळतात, त्यांच्या घशातला स्वॅब चालतो का ते विचारा.

कॉलला पोराचं तोंड खिडकीकडे, अंगात बनियनही नको. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, ते दिसायला हवं. नेब्युलायझर लावून, छातीचा व्यायाम करून दाखवा. माझी लेक घाईघाईने फुंकते, हे डॉक्टरांनी असंच पकडलं. मी रोज समोर बसून मला दिसलं नव्हतं.

आणि पोराला बोलू द्या. "रात्रीचा खोकला नाही," असं मी ठामपणे सांगितलं, तर ही म्हणाली, "येतो की आई, तू झोपतीस तेव्हा." तेव्हापासून पहिली पाच मिनिटं तिची.

एप्रिल-मेमध्ये जादा मीठ किती द्यायचं ते विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. या मुलांच्या घामातून मीठ फार जातं.

बेडक्यात रक्त, धाप, छातीत अचानक कळ, पोट फुगून हिरवी उलटी, उन्हात पोर मलूल पडणं: यातलं काहीही झालं तर व्हिडिओ नको. सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा, पुण्याला फोन रिक्षातून करा.