टेपच्या कोटिंग लाइनवर नव्याने रुजू होताना: पाण्यातला ॲक्रिलिक गम

खोकी बंद करायची टेप म्हणजे बीओपीपी (दोन्ही दिशांना ताणलेली पॉलिप्रॉपिलीन) फिल्म आणि तिच्यावर बसवलेला गमाचा पातळ थर. ४० मायक्रॉनच्या टेपमध्ये साधारण २३ मायक्रॉन फिल्म असते आणि १७ मायक्रॉन गम. डिप्लोमा, बीएस्सी किंवा आयटीआय करून या लाइनवर आलेला मुलगा किंवा मुलगी पहिल्या दिवशी मशीनचा वेग आणि ओव्हनचं तापमान विचारते. त्याआधी तीन गोष्टी विचारा: गमात पाणी किती आहे, ते फिल्मवर नीट पसरतंय का, आणि ओव्हनमधून सगळं बाहेर पडतंय का. लाइनवरचे बहुतेक दोष यांतल्या कुठल्यातरी एका ठिकाणी सुरू होतात.

ड्रममधला गम दुधासारखा पांढरा दिसतो. ब्यूटाइल ॲक्रिलेट किंवा टू-एथिलहेक्झिल ॲक्रिलेटपासून बनवलेल्या पॉलिमरचे मायक्रॉनपेक्षाही बारीक कण त्यात पाण्यात पसरलेले असतात. पाणी उडालं की कण एकमेकांना भिडतात, दबतात आणि एकजीव होतात. तेव्हाच पांढरा थर पारदर्शक होतो. त्यामुळे ओव्हनमधून बाहेर येणाऱ्या फिल्मवर दुधाळ झाक असेल, तर कण अजून पुरते जुळलेले नाहीत. ही झाक ओळखायला डोळा लवकर तयार करा. बाहेर येणाऱ्या फिल्ममागे ट्यूबलाइट धरून पाहिलं की ती लगेच दिसते.

ड्रम उघडल्यावर

वर साय धरलेली असेल तर ती ढवळून आत मिसळू नका. ती पुन्हा विरघळत नाही, तिचे तुकडे होतात आणि पुढे गमाचा थर सारखा करणाऱ्या बारखाली अडकून फिल्मवर रेघा पाडतात. साय अलगद काढून टाका, मग सावकाश ढवळा. गम १०० मेशच्या, म्हणजे साधारण १५० मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून गाळूनच टाकीत घ्या. टाकी आणि पाइप स्टेनलेस स्टीलचे किंवा प्लॅस्टिकचे असावेत. गमात अमोनिया असतो आणि पितळ-तांब्याचे कॉक त्याने खराब होतात.

पीएच साधारण ७ ते ८ च्या दरम्यान असतो. नेमका आकडा त्या गमाच्या तांत्रिक पत्रकातून घ्या. उन्हाळ्यात उघड्या ट्रेमधून अमोनिया उडतो, पीएच उतरतो आणि गम दाणेदार व्हायला लागतो. तेव्हा अमोनिया पाण्यात पातळ करून, ढवळणं चालू ठेवून, थोडाथोडा घाला आणि प्रत्येक वेळी पीएच मोजा. एकदम ओतला तर जिथे पडला तिथे गम गोठतो. जास्त पडला तर गम घट्ट होतो, कारण पॉलिमरमधल्या ॲक्रिलिक ॲसिडमुळे कण फुगतात. अमोनिया हाताळताना चष्मा आणि हातमोजे हवेतच.

गम पातळ करायचा झाला तर डीएम (क्षार काढलेलं) पाणीच वापरा. एमआयडीसीतल्या बोअरचं पाणी बहुतेक जड असतं. त्यातलं कॅल्शियम कणांभोवतीचं संरक्षण मोडतं आणि गम फाटतो, अगदी लिंबू पिळलेल्या दुधासारखा. फाटलेला गम पुन्हा जुळत नाही.

पंप डायफ्रॅमचा असावा. गिअर पंपाच्या दातांत रगडून कण एकमेकांना चिकटतात आणि खडे तयार होतात. ट्रेमधून टाकीत परत येणाऱ्या नळीचं तोंड गमाच्या पातळीखाली बुडलेलं असू द्या. धार वरून पडली की फेस झालाच. फेस दिसला की नवखा माणूस फेस मारणारं औषध ओततो. आधी नळी, पंपाचा वेग आणि सांध्यांतून आत शिरणारी हवा तपासा. औषध जास्त झालं की फिल्मवर गोल डोळे पडतात, गम तिथून बाजूला सरकतो, आणि तो दोष फेसापेक्षा निस्तरायला अवघड असतो.

फिल्मची बाजू

पाण्याचा पृष्ठताण सेंटिमीटरला ७२ डाइन. कच्च्या बीओपीपीची पृष्ठऊर्जा ३० च्या आसपास. म्हणून साधं पाणी तिच्यावर थेंबाथेंबाने गोळा होतं. यावर दोन उपाय एकाच वेळी केलेले असतात: गमात ओलावा पसरवणारं द्रव्य घालतात आणि फिल्मच्या एका बाजूला कोरोना (विजेच्या ठिणग्यांचा मारा) देतात. कोरोना दिलेली बाजू ३८ ते ४२ डाइन दाखवायला हवी. जंबो (फिल्मचा मोठा रोल) चढवण्यापूर्वी डाइन पेनने (ठरावीक पृष्ठताणाच्या शाईच्या पेनने) रुंदीभर तीन ठिकाणी रेघ ओढा. रेघ दोन सेकंद अखंड राहिली तर ठीक, आकसून थेंब झाले तर नाही. गोदामात महिनोन्महिने पडलेल्या फिल्मचा कोरोना उतरतो, म्हणून आधी आलेला जंबो आधी वापरा.

उलटी बाजूही तपासायची, आणि हे पुष्कळजण विसरतात. साध्या टेपला वेगळा रिलीज थर, म्हणजे गम पाठीला घट्ट बसू न देणारा थर, नसतो. कोरोना न दिलेली पाठच तिथे ते काम करते. कोरोना देताना रोल आणि फिल्म यांच्यात हवा अडकली, सुरकुती पडली किंवा दाबरोल सैल असला, तर ठिणगी पाठीवरही उमटते. मग गम त्या पट्ट्यांना धरून बसतो आणि टेप उलगडताना फाटते किंवा गम पाठीला लागून येतो. अशी तक्रार आली की सगळे गमावर संशय घेतात, पण चूक फिल्ममध्ये असते. पाठीवर ३६ डाइनचं पेन ओढा. रेघेचे थेंब झाले पाहिजेत. पसरली तर तो जंबो बाजूला काढा.

थराचा हिशेब

हा हिशेब तोंडपाठ असू द्या. वाळलेला थर २० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) हवा आणि गमात घन पदार्थ ५० टक्के असतील, तर ओला थर ४० जीएसएम लागतो. गमाची घनता जवळपास पाण्याइतकीच असल्याने तो साधारण ४० मायक्रॉन जाडीचा भरतो. तार गुंडाळलेल्या मेयर बारवर ओल्या थराची जाडी तारेच्या व्यासाच्या सुमारे एक दशांश येते. म्हणजे ०.४ मिलिमीटरची तार. वेग आणि गमाचा पातळपणा यांनी थोडा फरक पडतो, पण बार निवडायची सुरुवात इथून होते.

आता समजा, पुढचा ड्रम ५५ टक्क्यांचा आला आणि बार तोच राहिला. थर २२ जीएसएम होईल. १२८० मिलिमीटर रुंद, ४००० मीटर लांब जंबोवर हे जास्तीचे २ ग्रॅम मिळून १० किलोहून अधिक वाळलेला गम होतो. म्हणून दर ड्रमचा घनांश स्वतः काढा: ॲल्युमिनियमच्या वाटीत १ ते २ ग्रॅम गम, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत, आधीचं आणि नंतरचं वजन. फक्त बी-फोर कपचे (त्याच्या भोकातून गम गळायला लागणारे) सेकंद पाहून बार ठरवू नका. पीएच वाढला तरी सेकंद वाढतात, घनांश मात्र तेवढाच असतो.

चालू लाइनवर थर तपासताना डावी बाजू, मधला भाग आणि उजवी बाजू अशा तीन ठिकाणांहून १० सेंटिमीटर चौरसाचे नमुने कापा. नमुना तोला, एथिल ॲसिटेटने गम पुसून काढा, फिल्म वाळवा आणि पुन्हा तोला. फरकाला १०० ने गुणलं की जीएसएम मिळतो. वाळलेला गम पूर्ण विरघळत नाही, फुगतो, त्यामुळे चोळून पुसावं लागतं. घाईत राहिलेला थोडासा गमही आकडा खाली आणतो. तिन्ही आकड्यांत १ ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर बार वाकलेला आहे, एका बाजूने झिजला आहे किंवा दोन्ही टोकांचा दाब सारखा नाही.

ओव्हन

इथे घाई महागात पडते. पाण्याचं बाष्पीभवन करायला किलोमागे सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता लागते. टोल्युइनपेक्षा जवळपास सहापट. वरच्याच उदाहरणात मिनिटाला १०० मीटर वेगाने १२८ चौरस मीटर फिल्म जाते आणि तिच्यातून दर मिनिटाला अडीच किलोहून जास्त पाणी काढायचं असतं, तासाला दीडशे किलोंपेक्षा अधिक. ओव्हन २० मीटरचा असेल तर फिल्म आत फक्त १२ सेकंद असते.

म्हणून सगळे झोन एकदम तापवून चालत नाही. पहिला झोन ७० ते ८० अंशांवर आणि हवेचा झोत भरपूर, मधले ९० ते १००, शेवटचा १०० ते ११०. हे सुरुवातीचे आकडे समजा. पहिल्याच झोनमध्ये आच वाढवली की वरून साय धरते, आतलं पाणी अडकतं आणि पुढे वाफ होऊन फोड येतात. फिल्म ओली आहे तोवर ती स्वतः फार तापत नाही, कारण उष्णता पाणी उडवण्यातच जाते. पाणी संपल्यावर मात्र ती झपाट्याने तापते, बीओपीपी आकसते, रुंदी कमी होते आणि कडांना झालर येते.

पावसाळ्यात कोकणपट्टीत आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते. ओव्हन बाहेरची दमट हवाच आत घेतो. त्यात इंधन वाचवायला बाहेर टाकायच्या हवेचा डॅम्पर (झडप) कोणी बंद केला असेल, तर आतली हवा वाफेने भरते आणि पाणी उडायचं मंदावतं. टेप दुधाळ निघाली की लोक तापमान वाढवतात. आधी डॅम्पर उघडा, मग वेग १० ते १५ टक्क्यांनी कमी करा, तापमानाला शेवटी हात लावा. ओलसर गुंडाळलेल्या जंबोत पाणी कोंडून राहतं. ती टेप कमी चिकटते आणि खोक्यावरून सुटते.

रेघ, डोळे, चाचण्या

लांबलचक एकच रेघ म्हणजे बारखाली खडा. बार थोडा फिरवला की बहुधा निघून जातो. पुन्हा पुन्हा येत असेल तर जाळी फाटलेली आहे. विखुरलेले डोळे दिसले तर तेल, फेसाचं औषध किंवा कॉम्प्रेसरच्या हवेतला तेलाचा तुषार शोधा. बारीक बुडबुड्यांची रांग म्हणजे फेस. थर मध्येच फाटून फिल्म उघडी पडली, तर आधी डाइन पेन उचला.

तयार टेपची पीएसटीसी-१०१ या चाचणी पद्धतीप्रमाणे १८० अंशांत सोलून ताकद पाहतात: स्टीलची स्वच्छ पट्टी, २ किलोचा रबरी रोलर, मिनिटाला ३०० मिलिमीटर वेग. शिअरला (पृष्ठभागालगतच्या ओढीला) २५ बाय २५ मिलिमीटर क्षेत्र आणि १ किलो वजन लावून टेप किती वेळ टिकते ते मोजतात. ॲक्रिलिक गमाची पकड पृष्ठभागावर वेळेनुसार वाढते. म्हणून लावल्यावर २० मिनिटांनी आणि २४ तासांनी घेतलेले आकडे वेगवेगळे लिहा, एकात मिसळू नका. पुनर्वापराच्या कागदाचं धुळकट खोकं असेल तर स्टीलवरचा उत्तम आकडाही फसवतो. त्या ग्राहकाचंच खोकं मागवून त्यावर लावून पाहा.

शिफ्ट संपताना बार आणि ट्रे गम ओला असतानाच पाण्याने धुवा. वाळल्यावर पाणी काहीच करत नाही, आणि पात्याने खरवडलेल्या बारची तार कायमची खराब होते. वाळलाच तर सौम्य अल्कधर्मी द्रावणात भिजत ठेवा, मग नरम ब्रशने काढा. धुण्याचं पांढरं पाणी गटारात सोडायचं नाही. त्यातल्या पॉलिमरमुळे सीओडी (सांडपाण्यातल्या प्रदूषणाचं माप) खूप चढतो, म्हणून तुरटीसारख्या द्रव्याने गोळे बसवून ते ईटीपीकडेच (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेकडेच) जायला हवं. पातळ केलेला उरलेला गम सुटीत टाकीत ठेवू नका, त्यात जंतू वाढून तो कुजतो. सोमवारी टाकीचं झाकण उघडल्यावर आंबूस वास आला, तर तो गम लाइनवर घेऊ नका.

वहीत दर तासाला वेग, सगळ्या झोनचं तापमान, डॅम्परची स्थिती, पीएच, सेकंद, तीन ठिकाणचा जीएसएम, ड्रमचा बॅच नंबर, जंबोचा नंबर आणि हवेतली आर्द्रता लिहा. तीन महिन्यांनी एखादा रोल परत आला, तर दोष गमात होता, फिल्ममध्ये की ओव्हनमध्ये, हे त्या पानावरूनच शोधता येतं.