‘वडिलांची सही आणा’ म्हणणं मी का सोडलं

तिसरीतल्या एका पोराने प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच ठोकून आणली. वडिलांच्या नावातल्या ‘ध’चा त्याने ‘घ’ केला होता, त्यावरून मी पकडलं. भर वर्गात झापलं. मधल्या सुट्टीत त्याची चुलतबहीण येऊन सांगून गेली, “बाई, त्याचे पप्पा त्यांच्यात राहत नाहीत.” म्हणजे खोटी सही मीच करायला लावली होती.

तेव्हापासून ‘घरच्यांची सही’ एवढंच म्हणते. बीड जिल्ह्यात शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांनी हे आधीच शिकून घ्यावं. दिवाळीच्या आगेमागे आईबाप ऊसतोडीला गेले की गुढीपाडव्यापर्यंत माझा अर्धा वर्ग आजी-आजोबांकडेच असतो. शिवाय विधवा आया, टाकलेल्या बायका, मामाकडे वाढणारी पोरं आहेतच.

जूनमध्ये प्रत्येक मुलाला एकेकटं गाठून तीनच गोष्टी विचारा: घरी कोण कोण असतं, तू आजारी पडलास तर फोन कुणाला लावू, न्यायला कोण येईल. उत्तरं स्वतःच्या डायरीत ठेवा. ‘वडील का नाहीत’ हा चौथा प्रश्न जिभेवर येतोच, तो गिळायचा. तोडीवर गेलेल्या आईला दिवसा फोन लावून उपयोग नसतो, रात्री खोपीवर आली की लागतो. मूल दोन ओळी वाचतं, मी रेकॉर्ड करून तिला पाठवते.

पालकसभेला आजी येणार हे धरूनच चाला. प्रगतिपुस्तक तिच्या हातात नुसतं देऊ नका, वाचून दाखवा. टेबलावर शाईचा पॅड ठेवा, आणि अंगठा पुसायला फडकंही. फडकं नव्हतं तेव्हा एका नातीने आजीचा अंगठा आपल्या फ्रॉकला पुसलेला मी पाहिलाय.

कुटुंबाच्या पाठाला वंशवृक्ष काढायला लावू नका, त्यातली रिकामी चौकट सगळ्या वर्गाला दिसते. ‘काल रात्री तुमच्याबरोबर कोण जेवलं, त्यांचं चित्र काढा’ म्हणा. एकीने आई, मामा आणि दाराशी बांधलेली शेळी काढली. माझं चित्र मी आधी फळ्यावर काढते: मी, आई आणि मोत्या कुत्रा. “बाई, तुमचे मिस्टर?” कुणीतरी विचारतंच. “नाहीत,” म्हणायचं आणि खडू पुढे चालवायचा.

‘तुला बापच नाही’ असं कुणी चिडवलं तर वर्गाला प्रवचन देऊ नका, सगळे वळून त्या एकाच मुलाकडे बघतात. “हे इथे बोलायचं नाही,” एवढ्यावर थांबवा, चिडवणाऱ्याला नंतर बाजूला घ्या. आणि स्टाफरूममध्ये त्या आईविषयी चघळणं बंद करा. पोरं दाराशीच असतात.

कागदपत्रांचंही बघा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर मुलाचं नाव, आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम आहे. ती मुलं पहिलीत येईपर्यंत २०३० उजाडेल. आत्ताच्या पटावर आपण निदान हजेरी नाव-आडनावाने घेऊ शकतो. एकट्या आईला किंवा अनाथ नातवंड सांभाळणाऱ्या आजीला बालसंगोपन योजनेची माहिती द्या. महिन्याला २,२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करायचा. सभेत जाहीर नाही, वेगळं बोलावून. मार खाल्ल्याच्या खुणा दिसल्या तर मात्र थांबू नका, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा.

त्या पोराने पुढच्या चाचणीला आईची सही आणली. तिच्याही नावात ‘ध’ आहे, आणि तिथेही ‘घ’च होता. या वेळी गप्प राहिले, संध्याकाळी फोन लावला. सही आईनेच केली होती.