सापाच्या पेटीत खाली काय अंथरावं?

नवा साप आला की पहिला महिनाभर मी पेटीत साधा पांढरा कागदच अंथरते. विष्ठा कशी आहे, अंगावर बारीक किडे आहेत का, हे त्यावर लगेच दिसतं.

सीडरचा, म्हणजे देवदारासारख्या सुगंधी लाकडाचा, भुसा मात्र कधीही नको. आपल्याला आवडणारा तो वास ज्या तेलांचा असतो, तीच तेलं बंद पेटीत सापाला घातक ठरतात. कच्च्या, म्हणजे भट्टीत न वाळवलेल्या, पाइनचा भुसाही मी टाळते.

पुढची निवड सापाच्या जातीवर. कॉर्न स्नेकला कोरडं लागतं, त्याला ॲस्पेन या झाडाच्या लाकडाचा भुसा उत्तम. त्यात तो बोगदे करून राहतो, म्हणून थर निदान 5 ते 7 सेंटिमीटर द्या. पाणी सांडलं तर तेवढा भाग लगेच काढा, ॲस्पेनला बुरशी फार लवकर येते.

बॉल पायथनला दमटपणा हवा, साधारण 60 टक्के किंवा थोडा जास्त. त्याला नारळाच्या काथ्याचा भुसा द्या. इथे मी एकदा चुकले. भुसा ओलाच ठेवला आणि त्याच्या पोटाखालचे खवले लालसर होऊन फोड आले. पशुवैद्यांकडे धावले, बरा व्हायला बरेच दिवस लागले, फार वाईट वाटलं. आता मूठभर भुसा दाबून बघते: गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. वरचा थर कोरडाच ठेवते. अंदाजावर न राहता पेटीत आर्द्रतामापक लावा.

भक्ष्य चिमट्याने द्या, म्हणजे भुसा पोटात जात नाही.