हॅरी पॉटर वर्गात नेताना या चुका टाळा

"बाई, गणित नंतर करू. आधी तो भिंतीतून पलीकडे गेला का ते सांगा ना!"

आठवीचा वर्ग, वाचनाचा तास. 'हॅरी पॉटर आणि परीस' ही जादूगार मुलाची कादंबरी मोठ्यानं वाचणं चालू होतं. हॅरी सामानाची ट्रॉली घेऊन लंडनच्या स्टेशनवर उभा, एका बाजूला नऊ नंबरचा फलाट, दुसऱ्या बाजूला दहा, आणि हातातल्या तिकिटावर पावणेदहा. नेमकी तिथे गोष्ट थांबवून मी अपूर्णांकांची दहा उदाहरणं फळ्यावर लिहायला घेतली होती. मागच्या बाकावरून आलेली ती विनवणी मी त्या दिवशी ऐकली नाही. पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग पुस्तक उघडायलाही नाखूश होता, तेव्हा ती आठवली.

पंचवटीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी शिकवते. या एका कादंबरीवरून गणित, विज्ञान, इतिहास, भाषा शिकवण्याचं हे माझं चौथं वर्ष. नाशिकमधले बरेच शिक्षक आता असं काही करू पाहतात आणि पहिल्याच महिन्यात अडकतात, म्हणून हे लिहिते आहे.

प्रत्येक पानाला विषय चिकटवू नका

पहिल्या वर्षी मी एक तक्ता केला होता. पुस्तकाची प्रकरणं १७, आमचे विषय ७, म्हणजे ११९ चौकोन. प्रत्येक चौकोनात काहीतरी भरायचंच असा हट्ट. भूगोलाचा चौकोन रिकामा दिसला म्हणून इंग्लंडच्या पावसाचा आलेख काढायला लावला. गोष्टीत त्या आलेखाची कुणालाच गरज नव्हती आणि मुलांना ते लगेच कळलं.

आता मी एकच कसोटी लावते: हा प्रश्न गोष्टीतल्या कुणाला पडला असता का? खिशात नवी नाणी घेऊन बाजारात उभ्या असलेल्या हॅरीला हिशोब करावाच लागतो. सात बाटल्यांसमोर उभ्या हर्मायनीला, म्हणजे हॅरीच्या मैत्रिणीला, तर्क लढवावाच लागतो. तिथे विषय आपोआप येतो. पावसाचा आलेख कुणालाच नको होता. या कसोटीवर अख्ख्या पुस्तकात पाच-सहा थांबेच उरतात, आणि तेवढे पुरतात. थांबायचं तेही प्रकरण संपल्यावर.

पैशांच्या धड्यावर घाईत पाणी सोडू नका

या पुस्तकातला सगळ्यात सकस थांबा हाच, आणि इथेच मी सगळ्यात जास्त वाया घालवलं. जादूगारांच्या जगात २९ नट म्हणजे १ सिकल आणि १७ सिकल म्हणजे १ गॅलियन. म्हणजे एका गॅलियनचे ४९३ नट. मी विचारलं, ३ गॅलियनचे किती? १,४७९. मुलांनी गुणाकार केला, वही मिटली, संपलं.

विचारायचा प्रश्न वेगळा होता: ही नाणी वापरायला सोयीची आहेत का? अर्ध्या गॅलियनची वस्तू घेतली तर दुकानदाराला साडेआठ सिकल द्यायचे. पाव गॅलियन म्हणजे सव्वाचार. १७ आणि २९ दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे कुठेही सुटसुटीत भाग जात नाही. आता आपला जुना रुपया घ्या. १६ आणे. निम्मे केले की ८, ती अधेली. पुन्हा निम्मे केले की ४, ती पावली. आणखी निम्मे, २, ती चवली. १ आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४. निम्मं करत करत थेट १ पैशापर्यंत जाता येतं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले.

हे शिकवल्यावर घरी एकच काम दिलं: आजी-आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी विचारून या. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं आजोबांकडून शिकलेली औटकी म्हणून दाखवली, साडेतीनचा पाढा. वर्ग थक्क झाला. फलाट पावणेदहा असणं इंग्रजी वाचकाला विचित्र वाटतं, पण आपल्याकडे पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे बोलण्यातले शब्द आहेत. ज्या पानावर मी दहा उदाहरणं लादली होती, तिथे फक्त एवढं सांगून पुढे वाचायचं होतं.

आणि मग नाशिकची पांडवलेणी. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख १० क्रमांकाच्या लेण्यात आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात ७०,००० कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे २,००० सुवर्ण (सोन्याची नाणी) असा हिशोब कोरलेला आहे, एका सुवर्णाला ३५ कार्षापण या दरानं. गॅलियन-सिकलचं कोडं सोडवून आलेल्या मुलांना तो भागाकार करायला सांगावा लागत नाही. त्याच लेखात जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवलेल्या ठेवीही आहेत. २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा १ व्याज आणि १,००० वर पाऊण. पहिल्या ठेवीचं व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि लेखात वस्त्रासाठी २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण असं दिलेलं आहे. २० गुणिले १२, बरोबर २४०. दुसऱ्या ठेवीचे महिन्याला साडेसात, वर्षाला ९०. ते पाऊण लेखात 'पायून' या रूपात आलं आहे. आपण भाजी बाजारात पाऊण किलो म्हणतो तो शब्द दगडात कोरलेला पाहून माझ्या वर्गातली मुलं हलायला तयार नव्हती.

इथली चूक मात्र लक्षात ठेवा. पहिल्या खेपेला मी काही तयारी न करता मुलांना वर नेलं. लेखाची जुनी ब्राह्मी लिपी कुणालाच वाचता येईना, दहा मिनिटांत सगळी फोटो काढायला पांगली. आता आधी आठवडाभर ब्राह्मीतली पाच-सहा अक्षरं शिकवते, नेमकी ओळ देवनागरीत लिहून देते आणि तीच शोधायला सांगते. लेखाला हात लावायचा नाही, खडू फिरवायचा नाही, कागद ठेवून ठसा घ्यायचा नाही, हे पायथ्याशीच सांगा. वेळ असेल तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय दाखवा, पण आधी विचारून जा.

बाटल्यांचं कोडं परीक्षेत देऊ नका

पुस्तकाच्या शेवटाकडे सात बाटल्यांचं एक कोडं आहे. तीन बाटल्यांत विष, दोनांत निरुपद्रवी आसव, एक पुढे नेणारी, एक मागे नेणारी. सोबत चार खुणा. सिनेमात हा प्रसंग नाही, त्यामुळे सिनेमा पाठ असलेली मुलंही कोरी असतात. मी हे चाचणीत दहा गुणांना दिलं आणि पुस्तकातल्या उत्तराशी न जुळणारी उत्तरं चूक ठरवली.

चूक माझी होती. एक खूण म्हणते, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या बाटलीत विष नाही; पण त्या कुठे उभ्या आहेत हे हर्मायनीला दिसतं, वाचकाला सांगितलेलं नाही. त्यामुळे पानावरच्या माहितीतून एकच उत्तर निघत नाही. दुसरी आणि सहावी बाटली सारखी, अशीही एक खूण आहे; एका मुलानं त्या दोन्ही आसवाच्या धरल्या. आसवाच्या डावीकडे नेहमी विष, म्हणून पहिली आणि पाचवी विष. दोन टोकं वेगवेगळी आणि टोकाची बाटली पुढे नेत नाही, म्हणून सातवी मागे नेणारी. उरल्या तिसरी आणि चौथी, आणि इथे तो थांबला. "बाई, यापुढे सांगता येत नाही," असं त्यानं लिहिलं होतं. मी शून्य दिलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याची माफी मागितली आणि पूर्ण गुण दिले.

आता मी प्रश्नच असा देते: हे कोडं सुटायला कोणती माहिती कमी आहे? भूमितीतलं रायडर, म्हणजे प्रमेयावर आधारलेलं उदाहरण, सोडवताना दिलेलं काय आणि मानलेलं काय यात गोंधळणाऱ्या मुलांना याचा फार उपयोग होतो.

वनस्पती आणायला सांगू नका

हा मुद्दा कळकळीनं लिहिते आहे. काढ्यांच्या वर्गाचं प्रकरण वाचून झाल्यावर मी मुलांना म्हटलं, परिसरातल्या औषधी वनस्पती घेऊन या. एक मुलगी रस्त्याकडेची धोत्र्याची काटेरी बोंडं घेऊन आली, तीही डब्याच्या पिशवीत. शेजारच्या वर्गावरच्या सरांनी वेळीच पाहिलं. धोत्र्याचं बी पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

त्याच प्रकरणात मंक्सहूड आणि वुल्फ्सबेन ही एकाच वनस्पतीची दोन नावं आहेत असं काढ्यांचा शिक्षक स्नेप सांगतो. ती खरी वनस्पती आहे. तिच्याच कुळातला आपला बचनाग, जहाल विषारी. पुस्तकात नाव आलं म्हणून मुलं ते शोधायला निघणार हे आधीच धरून चाला. वनस्पती चित्रातून दाखवा किंवा झाडाजवळ जाऊन लांबून दाखवा, आणि काढा म्हणून काहीही उकळू नका, गंमत म्हणूनही.

बाकी वनस्पतिशास्त्र इथे भरपूर आहे. दुसऱ्या पुस्तकात किंचाळणारं मँड्रेक येतं. ते भूमध्य समुद्राकडचं खरं झाड आहे, किंकाळीची दंतकथा युरोपात जुनी आहे, आणि त्याचं कुळ तेच जे वांगं, बटाटा, मिरची, धोत्रा आणि टोमॅटोचं. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवताना पाहिलेल्या मुलाला हे सांगा आणि टोमॅटो, वांगं, मिरचीची फुलं शेजारी शेजारी ठेवा. पाच पाकळ्यांची ती ठेवण मुलं स्वतःच ओळखतात.

मुलांना घरांमध्ये वाटू नका

गोष्टीतल्या शाळेत एक जादूची टोपी मुलांना स्वभाव पाहून चार घरांत, म्हणजे गटांत, वाटते आणि घरांना गुण मिळतात. वर्ग सजतो, फोटो छान येतात. मी स्वभाव ओळखून वाटणी केली होती आणि त्याची खंत अजून आहे. धूर्तांचं समजल्या जाणाऱ्या स्लिदरिन घरात टाकलेल्या एका शांत मुलाला दोन महिने सगळे 'कपटी' म्हणत होते. त्यानं घरी सांगितलं, मला नाही. अकरा वर्षांच्या मुलाचा स्वभाव एका टोपीनं ठरवणं बरोबर का, हा गोष्टीतलाही प्रश्न आहे; त्यावर मुलांना बोलू द्या, लिहू द्या. गट हवेतच तर चिठ्ठ्या टाका आणि दर महिन्याला बदला.

फसणारा प्रयोग

अदृश्य करणारा अंगरखा वाचला की मुलं विचारतातच, असं होऊ शकतं का. तेलात काच नाहीशी करण्याचा प्रयोग दहावीच्या अपवर्तनाच्या धड्यापर्यंत उपयोगी पडतो. पण घरातला साधा ग्लास घेतलात तर तो तेलात दिसतच राहतो. काचेचा आणि तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती वळतो याचं माप) सारखा असेल तरच काच दिसेनाशी होते. साध्या काचेचा सुमारे १.५२, खाद्यतेलाचा १.४७ च्या आसपास. बोरोसिलिकेट काचेचाही १.४७ च्या जवळ, म्हणून प्रयोगशाळेतली परीक्षानळीच घ्या. ती आतूनही तेलानं भरा. हवा राहिली तर नळी दिसणार.

घुबडं आणि पालक

गोष्टीत घुबडं पिंजऱ्यात असतात. आपल्याकडे घुबड पाळणं गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे. २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी या पुस्तकांच्या लोकप्रियतेमुळे घुबडांची मागणी वाढल्याची चिंता जाहीरपणे बोलून दाखवली होती. म्हणून हॅरीच्या घुबडासोबतच, हेडविगसोबतच, पिंगळा आणि गव्हाणी घुबड शिकवा, शेतातले उंदीर कोण खातं हे सांगा, आणि घुबड अशुभ असतं हे मनातून काढा.

"शाळेत जादूटोणा शिकवता का?" असं विचारणारे पालक दर वर्षी भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना वाचनाच्या तासाला बोलवा. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा फसवणूक आणि अघोरी प्रथांविरुद्ध आहे, परीकथेविरुद्ध नाही, हे शांतपणे सांगा. माझ्याकडे आलेले एक वडील दोन तास बसून राहिले आणि जाताना पुस्तक कुठे मिळेल ते विचारून गेले.

मोबाइलवर फिरणारी पुस्तकाची फाइल वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका. एक प्रत मोठ्यानं वाचणं पुरेसं आहे. ज्यांना ओढ लागते ती मुलं सार्वजनिक वाचनालयात जातात. आणि सिनेमा पुस्तकाआधी दाखवू नका.

शेवटच्या प्रकरणाला मी आता फळा पुसून घेते. वह्या दप्तरात, खिडकीजवळच्या मुलांना हवं तर जमिनीवर बसू देते, आणि घंटा झाली तरी वाचत राहते.