रीडरची कॉइल किती मोठी असावी?

नवा एनएफसी रीडर, म्हणजे जवळ आणलेलं कार्ड किंवा टॅग (चिप आणि छोटी कॉइल असलेला बिल्ला) वाचणारं यंत्र, टेबलावर आला की पहिला प्रश्न ठरलेला: रेंज किती? आणि लगेच दुसरा: अँटेना, म्हणजे त्यातली तारेची कॉइल, मोठी केली तर वाढेल का? वाढते, पण एका मर्यादेपर्यंत. मग उलट घटायला लागते. ही मर्यादा कागदावर काढता येते, म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना मी आधी वही घ्यायला सांगतो, सोल्डरिंग नंतर.

एनएफसीच्या १३.५६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे २२ मीटर पडते. तळहाताएवढी कॉइल त्यापुढे काहीच नाही. ती लहरी दूर फेकत नाही. रीडरची आणि टॅगची कॉइल मिळून एक सैल जोडलेला ट्रान्सफॉर्मर बनतो. अभ्यासक्रमातले डायपोल आणि गेन, म्हणजे लहरी दूर फेकणाऱ्या अँटेनांचं गणित, इथे बाजूला ठेवा.

गोल कॉइलच्या अक्षावर, तिच्या त्रिज्येपेक्षा बरंच दूर गेलं की चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात पडतं. प्रवाह आणि वेढे तेच ठेवून ५ सेंमी अंतराचं गणित करा: २ सेंमी त्रिज्येच्या कॉइलपेक्षा ७ सेंमीची कॉइल तिथे तिप्पट क्षेत्र देते. १५ सेंमीची मात्र त्या ७ सेंमीवालीच्या पाऊणपटीवर येते. उत्तम त्रिज्या अंतराच्या साधारण १.४ पट निघते. पण मोठ्या कॉइलचा रोधही वाढतो. प्रवाहाऐवजी शक्ती तेवढीच धरली तर उत्तर जवळपास अंतराएवढ्याच त्रिज्येवर येतं, आणि बॅटरीवरच्या उपकरणात मी हेच धरून चालतो.

हे झालं क्षेत्राचं. टॅग किल्लीच्या बिल्ल्याएवढा असेल तर मोठ्या कॉइलच्या बहुतेक चुंबकीय रेषा त्याला टाळून जातात आणि त्याचं उत्तरही क्षीण येतं. म्हणून कोणता टॅग वाचायचा आहे हे कळल्याशिवाय कॉइल आखायला घेऊ नका.

आकाराचंही तसंच. लांबट, चिंचोळी कॉइल खोक्याच्या कडेला छान बसते, पण तिच्या समोरासमोरच्या बाजूंतले प्रवाह उलट दिशेचे असतात, त्यामुळे थोडं वर गेलं की त्यांची क्षेत्रं एकमेकांना खातात. तारेच्या बरोबर वर लहान टॅग आडवा धरला तर अर्ध्या रेषा एका दिशेने, अर्ध्या उलट, वाचन बंद. कार्ड मधोमध काटकोनात उभं धरलं तरी तेच. बिघाड समजून चिप बदलणारे बरेच भेटतात.

सगळ्यात गोंधळात टाकणारी तक्रार: ‘२ सेंमीवर वाचतं, टेकवलं की नाही.’ कार्ड फार जवळ आलं की दोन अनुनादी सर्किटं एकमेकांना ओढतात, ट्यूनिंग सरकतं आणि रीडरचा प्रवाहच पडतो. इथे ताकद वाढवून काही होत नाही. कॉइलचा क्यू (अनुनाद किती टोकदार आहे याचं माप) थोडा कमी करा किंवा वरचं आवरण जाड करा.

क्यूचा मोह तसाही सोडावा. क्यू १०० असेल तर बँडविड्थ, म्हणजे कॉइल नीट पकडते तो वारंवारतेचा पट्टा, १३६ किलोहर्ट्झच्या आसपास उरते, आणि आयएसओ १४४४३ (स्पर्शाविना वाचायच्या कार्डांचं मानक) कार्डाचं उत्तर १३.५६ मेगाहर्ट्झच्या वाहक लहरीपासून ८४७.५ किलोहर्ट्झवर असतं. कार्ड जागं होतं, पण त्याचं उत्तर रीडरपर्यंत नीट पोचत नाही.

मागे बॅटरी किंवा धातूची पट्टी आली की एडी करंटमुळे (धातूत तयार होणाऱ्या भोवऱ्यासारख्या प्रवाहांमुळे) कॉइलचं इंडक्टन्स घटतं आणि अनुनाद वर सरकतो. मध्ये फेराइट या चुंबकीय पदार्थाची शीट घाला. तिने इंडक्टन्स उलट वाढतं, म्हणून ट्यूनिंग त्यानंतरच करा आणि तेही पूर्ण जोडलेल्या खोक्यात. उघड्या बोर्डावर केलेलं ट्यूनिंग जवळपास निरुपयोगी.

महागडी साधनं लगेच लागत नाहीत. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप त्याच्याच टोकाला लावा. तो वेढा कॉइलवरून फिरवला की क्षेत्र कुठे भरलेलं आणि कुठे मेलेलं ते पडद्यावर दिसतं. एक लहानसा व्हीएनए (वेगवेगळ्या वारंवारतेला कॉइल कशी वागते ते मोजणारं यंत्र) हाताशी असेल तर खोकं बंद करण्याआधीचा आणि नंतरचा अनुनाद दोन्ही टिपून ठेवा.